क्रोमोली की साधं स्टील? आधी सांधा बघा

मोटरसायकलची तडकलेली फ्रेम पाहायला मिळाली, तर तडा नेमका कुठून निघालाय ते अगदी जवळून बघा. रंगावर आधी केसाएवढी तांबूस रेष उमटते, कारण आतला गंज तिथून बाहेर झिरपतो. ही रेष नळीच्या मधोमध क्वचितच असते, आणि वेल्डच्या अंगावरही सहसा नसते. वेल्ड संपून मूळ नळी जिथे सुरू होते, त्या काठाला ती चिकटून धावते.

सीटखालची लूप, म्हणजे वाकवलेली नळी, बदलायची असो, सीट पेलणारी मागची सबफ्रेम आखूड करायची असो की गंजलेला तुकडा काढून नवा जोडायचा असो, पहिला प्रश्न बहुतेक जण एकच विचारतात: क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील, वापरू का? नाव भारदस्त आहे आणि विमानांच्या सांगाड्यांत वापरलं गेल्यामुळे त्याला वलयही आहे. पण या प्रश्नात ताकद आणि ताठरपणा यांची गल्लत झालेली असते, आणि ती आधी सोडवायला हवी.

ताकद म्हणजे नळी कायमची वाकेपर्यंत किती ताण सोसते ते. साधं, कमी कार्बनचं माइल्ड स्टील साधारण २५० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला हार मानतं. ४१३० क्रमांकाचं क्रोमोली नॉर्मलाइझ केलेल्या, म्हणजे तापवून हवेत निवू दिलेल्या अवस्थेत ४३० च्या आसपास जातं. ताठरपणाची गोष्ट वेगळी. ठरावीक भार दिल्यावर नळी किती लवचते, हे स्टीलच्या यंग गुणांकावर अवलंबून असतं आणि तो सगळ्या स्टीलचा जवळपास सारखाच, म्हणजे सुमारे २०० गिगापास्कल असतो. त्यामुळे त्याच मापाची क्रोमोली नळी बसवली म्हणून वळणावर गाडी तसूभरही जास्त घट्ट वाटणार नाही.

मग ताठरपणा येतो कुठून? नळीच्या आकारातून. २५ मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची नळी मीटरला साधारण १.६३ किलो भरते. ३२ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची नळी भरते १.४८ किलो. दुसरी हलकी, तरीही वाकवायला पहिलीपेक्षा सुमारे १.७ पट ताठ. मधल्या रेषेपासून धातू जितका दूर, तितका तो वाकण्याला जास्त विरोध करतो, आणि हा फायदा व्यासाच्या जवळजवळ घनाने वाढत जातो. पीळ सोसण्याचंही तसंच. हेड ट्यूब (हँडल फिरतं ती पुढची नळी) आणि स्विंगआर्मचा पिव्हट (मागचं चाक धरणारी भुजा जिथे हलते ती खीळ) यांच्यामध्ये फ्रेमला सतत पीळच सोसावा लागतो.

अर्थात याला मर्यादा आहे. व्यास वाढवत आणि भिंत पातळ करत गेलो, तर नळीला ठोकर लागताच पोचा पडतो, गंजायला हाताशी धातू उरत नाही आणि वेल्डिंग करताना भोक पडतं. हात बसलेला नसेल, तर १.५ मिलिमीटरपेक्षा पातळ भिंतीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पुन्हा त्या तांबूस रेषेकडे. जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की धातू एका फटक्यात तुटणार नाही इतक्या कमी ताणानेही, तो लाखो वेळा पुन्हा पुन्हा आला, तर तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. इंजिनाची थरथर आणि रस्त्यावरचे खड्डे फ्रेमला रोज हेच करत असतात. वेल्डच्या काठावर सूक्ष्म खाच असते, थंड होताना आकसल्यामुळे तिथे ताण आधीच अडकून बसलेला असतो, आणि एकदा सुरू झालेला तडा साध्या व भारी स्टीलमध्ये साधारण एकाच गतीने सरकतो. म्हणून वेल्ड केलेल्या सांध्याचं थकव्यापुढचं आयुष्य स्टीलचा दर्जा वाढवल्याने फारसं वाढत नाही. जास्त पैसे मोजून आणलेली ताकद नेमकी त्या काठावर कामाला येत नाही.

क्रोमोलीत सुमारे ०.३ टक्के कार्बन, शिवाय क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असतं. वेल्डलगतचा भाग तापून झपाट्याने थंड झाला, तर तिथे कडक पण ठिसूळ पट्टा तयार होतो. त्यामुळे गरम सांध्यावर पाणी किंवा ओलं फडकं कधीही लावू नये, वाऱ्याचा झोतही नको. तो आपोआप निवू द्यावा. कमी कार्बनचं स्टील हे सगळं बरंच खपवून घेतं. मोटरसायकलची मूळ फ्रेम साध्या कार्बन स्टीलची असेल, तर जोडतुकडाही तसाच, त्याच व्यासाचा आणि जाडीचा घ्यावा. कापलेल्या तोंडाशी व्हर्निअर लावून भिंत मोजा, कारण बाहेरून जाडी कळत नाही.

स्टीलच्या दर्जापेक्षा रचना महत्त्वाची, याचं सुंदर उदाहरण म्हणजे नॉर्टन या ब्रिटिश मोटरसायकल कंपनीची 'फेदरबेड' फ्रेम. मॅककँडलेस बंधूंनी रचलेली ही फ्रेम १९५० मध्ये कारखान्याच्या रेसिंग गाड्यांना मिळाली आणि त्याच वर्षी जेफ ड्यूक या स्वाराने आइल ऑफ मॅन बेटावरची सीनियर टीटी ही मोटरसायकल शर्यत जिंकली. रेसिंग फ्रेम रेनॉल्ड्स कंपनीच्या ५३१ या भारी मिश्र स्टीलच्या नळ्यांची होती आणि सांधे ब्राँझने भरलेले होते. स्टील सुमारे १५०० अंशांना वितळतं, ब्राँझ त्याच्या कितीतरी खाली, म्हणून नळी स्वतः वितळतच नाही. पुढे रस्त्यावरच्या मॉडेलांना तीच रचना साध्या स्टीलमध्ये मिळाली, तरीही हाताळणीचं नाव तसंच राहिलं. जुन्या फ्रेमवर काम करताना यातून एक सावधगिरी निघते. सांध्यात पिवळा धातू दिसला, तर त्यावर टिग किंवा मिग, म्हणजे विजेच्या ठिणगीचं वेल्डिंग, चालवू नका. ब्राँझमधलं वितळलेलं तांबं स्टीलच्या कणांच्या सीमांमधून आत शिरतं आणि सांधा आतून चिरत जातो.

नळी विकत घेताना तिच्या आत डोकावून बघा. ईआरडब्ल्यू नळी पट्टी गोल वळवून कडा जोडून केलेली असते आणि आत लांबलचक शिवणीचा उंचवटा अनेकदा दिसतो. चांगल्या दर्जाची असेल तर सबफ्रेमला ती चालते, फक्त वाकवताना शिवण बाकाच्या आतल्या वा बाहेरच्या अंगाला न ठेवता मधल्या बाजूला ठेवावी. मुख्य फ्रेमसाठी सीमलेस (बिनशिवणीची) किंवा मँड्रेलवरून, म्हणजे आत घातलेल्या दांड्यावरून, ओढून काढलेली नळी घ्यावी. पाण्याचा गॅल्व्हनाइझ्ड पाइप मात्र नकोच. त्याची मापं वेगळ्या हिशोबाने ठरतात, आणि जस्ताचा धूर छातीत गेला की थंडीताप भरतो. त्याहून गंभीर धोका क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूचा आहे. वेल्डिंगच्या ज्योतीत त्यापासून फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो.

दोन नळ्या एकमेकींना भिडतात तिथे टोकाला माशाच्या तोंडासारखा बाक द्यावा लागतो. पत्र्याची पट्टी सरकवली तरी आत जाऊ नये इतकं ते तोंड नेमकं बसायला हवं, कारण फट वेल्डने भरली तर तेवढी उष्णता आणि तेवढंच आकसणं वाढतं. सरळ जोड द्यायचा असेल, तर आत घट्ट बसणारा नळीचा तुकडा घाला आणि त्याची टोकं तिरपी कापा. सरळ कापलेल्या टोकाशी ताठरपणा एकदम बदलतो आणि थकव्याला तीच जागा सापडते. गसेटच्या, म्हणजे सांध्याच्या कोपऱ्यात बसवलेल्या आधारपट्टीच्या टोकालाही हेच लागू. आणि नळी दोन्ही बाजूंनी बंद होणार असेल, तर शेवटचा टाका मारण्याआधी हवा बाहेर जायला बारीक भोक पाडून ठेवा. नाहीतर आतली तापलेली हवा त्या शेवटच्या वितळलेल्या थेंबातूनच बाहेर फुटते.