पार्श्वभूमी : साधी राहणी आणि गरिबी यांची बौद्ध घरातली फारकत

मातीचे नवे मडके, त्यात काठोकाठ पाणी. एका बाजूला वधू, दुसऱ्या बाजूला वर, दोघांचे कपडे पांढरे. एक सुती दोरा पाण्यात सोडायचा आणि त्याचे एकेक टोक दोघांनी हातात धरायचे. कोणीतरी मंगलसुत्त, म्हणजे कोणत्या गोष्टी मंगल ते सांगणारे पाली सुत्त, म्हणायचे. होम नाही, सप्तपदी नाही. बौद्ध विवाह कसा लावावा, असे विचारणाऱ्या एका कार्यकर्त्याला बाबासाहेबांनी ४ डिसेंबर १९५६ रोजी पत्राने कळवलेला विधी एवढाच आहे. दोन दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत साध्या राहणीबद्दल जे काही बोलले जाते, त्याची मुळे या मडक्यापाशी येतात. मात्र हा साधेपणा नेमका कशासाठी, यावर सुरुवातीपासून मतभेद आहेत. ते समजून घेतल्याशिवाय लग्नातल्या थाटामाटावरून चाललेला आजचा वादही कळत नाही.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. भिक्खूंच्या नियमांच्या विनयपिटकात कोसंबीच्या राजाची आणि बुद्धांचा शिष्य आनंद याची एक गोष्ट आहे. राण्यांनी पाचशे चीवरे, म्हणजे भिक्खूंची वस्त्रे, दान दिली म्हणून राजा चिडतो. एवढ्या वस्त्रांचे श्रमण करणार काय, दुकान थाटणार का? आनंद सांगतो, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे, पांघरुणे विरली की बिछान्याचे अभ्रे, मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग फडकी. आणि फडकी पार झिजली की ती कुटून चिखलात कालवायची आणि त्याने जमीन लिंपायची. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही.

गृहस्थांसाठीचा उपदेश वेगळा होता, हे बहुतेक वेळा विसरले जाते. अंगुत्तर निकाय या सुत्तसंग्रहात दीघजाणु नावाचा कोलिय कुळातला गृहस्थ बुद्धांना सरळ म्हणतो, आम्ही बायकापोरांत राहणारी, चंदन लावणारी, सोनेनाणे हाताळणारी माणसे आहोत, आम्हाला झेपेल ते सांगा. त्याला सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एक ‘समजीविता’, म्हणजे तराजू धरल्यासारखा जमाखर्च. मिळकत थोडी आणि थाट मोठा, तो उंबर खाणारा. झाड गदागदा हलवून ढीगभर उंबरे पाडायची आणि खायची चार. पण मिळकत भरपूर असून कुढत, अर्धपोटी जगणाऱ्यालाही तिथे दोषच दिला आहे. अनाथपिंडिक या श्रीमंत उपासकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत एक सुख कर्ज नसण्याचे आहे, ‘अनणसुख’. त्याच यादीत संपत्ती असण्याचे आणि ती उपभोगण्याचे सुखही आहे.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातला एक शिलालेख तर हिशेबाची वहीच आहे. क्षत्रप राजाच्या जावयाने दोन हजार कार्षापणे (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, कायमची ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक. त्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस आणि वीस गुणिले बाराही दोनशे चाळीस. भिक्खूंच्या साध्या राहणीमागे इतकी काटेकोर आर्थिक व्यवस्था उभी होती.

आता आपल्या काळाकडे. डिसेंबर १९२७मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्यानंतर तिथेच स्त्रियांपुढे झालेले बाबासाहेबांचे भाषण साध्या राहणीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. कोपरापर्यंतचे कथलाचे नाहीतर चांदीचे दागिने आणि गळ्यातल्या गळसऱ्या उतरवा, लुगडे इतर बायकांसारखे नेसा, ते फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असे त्यांनी सांगितले. वरवर पाहता हा काटकसरीचा सल्ला वाटतो. पण काटकसर हा तिथला मुद्दाच नव्हता. ते दागिने आणि ती नेसण म्हणजे लांबूनच ओळखू येणारी जातीची खूण होती. अंगावरचे ओझे उतरवणे म्हणजे ती खूण पुसणे. तेव्हापासून आपल्याकडच्या साधेपणात पैशाइतकीच, किंबहुना जास्त, इज्जत गुंतलेली आहे.

म्हणूनच गांधीजींच्या प्रभावाने साधी राहणी हे राष्ट्रीय ब्रीद झाले, तेव्हा बाबासाहेब त्यात सामील झाले नाहीत. १९४५च्या आपल्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधी विचारावर टीका केली. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही आणि ज्याला आधीच काही मिळू दिलेले नाही त्याला अपरिग्रह शिकवणे ही क्रूर थट्टा आहे, हा त्या टीकेचा गाभा.

यापुढचा टप्पा १९५०चा. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत निर्णायक आणि सर्वांत कमी वाचला गेलेला. त्या वर्षी कोलकात्याच्या एका बौद्ध मासिकाच्या वैशाख अंकात बाबासाहेबांनी धर्माला चार कसोट्या लावल्या. समाजाला नीतीचा आधार हवा, धर्म बुद्धीला पटला पाहिजे, त्याने स्वातंत्र्य, समता, बंधुता मानली पाहिजे. या तीन आपण सभांमधून ऐकत आलो. चौथी अशी की, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. ज्याच्याकडे आहे त्याने त्यागले तर ती धन्यता असू शकते, दारिद्र्य मात्र कधीच धन्य नसते, असा स्पष्ट भेद त्यांनी केला.

यावर तेव्हापासून आजवर एकच आक्षेप येतो. भिक्षापात्र घेऊन हिंडणाऱ्या संघाचा धर्म स्वीकारायचा आणि दारिद्र्य नाकारायचे, हे जमायचे कसे? आक्षेप वरवरचा नाही. पण त्याचे उत्तर दीघजाणूच्या सुत्तातच आहे. भिक्खूने सोडायचे ते स्वतःच्या मर्जीने, गृहस्थाने मिळवायचे ते श्रमाने आणि सांभाळायचे ते शुद्धीत राहून. लादलेल्या अभावाला दोन्हीकडे जागा नाही.

खरी गुंतागुंत मात्र एका शब्दाने केली. मंगलसुत्तातल्या ‘सन्तुट्ठी’ या पाली शब्दाला मराठीत ‘समाधान’ किंवा ‘संतोष’ म्हणायची पद्धत पडली. आणि मराठी कानाला ‘समाधान’ म्हटले की ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ ही ओळ आपोआप आठवते. मूळ अभंगात तिला भक्तीचा वेगळा अर्थ आहे, हे मान्य. पण ज्यांना गावकुसाबाहेरच ‘ठेविले’ होते, त्यांच्या कानावर ती कशी पडत असेल? माझ्या आजीने विहारात मंगलसुत्त पाठ केले, अर्थही ऐकला, आणि घरी येऊन विचारले, “मग पोरीला पुढं शिकवायचं का नाही? समाधान मानायचं का?” तिच्या प्रश्नाचे उत्तर सुत्ताच्या क्रमातच होते. ‘बाहुसच्चञ्च सिप्पञ्च’, भरपूर विद्या आणि हातातले कसब, हे मंगल आधी येते. ‘सन्तुट्ठी’ बऱ्याच ओळींनंतर. करणीयमेत्त सुत्तातले शब्द तर जास्त नेमके आहेत. ‘सुभरो’ म्हणजे ज्याला पोसणे जड जात नाही असा, ‘सल्लहुकवुत्ति’ म्हणजे ज्याची राहणी हलकी आहे असा. ‘समाधाना’ऐवजी ‘हलकी राहणी’ हा शब्द रुळला असता तर अर्धा गोंधळ झालाच नसता.

धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात इज्जतीचा मुद्दा पुन्हा आला. मेलेली गुरे ओढणे सोडल्यामुळे शिंगे, खुरे, कातडी यांतून गावाला मिळणारे वर्षाचे पाचशे रुपये बुडतात, असा हिशेब वर्तमानपत्रातून त्यांना ऐकवला गेला होता. बाबासाहेबांचे उत्तर, माणसाला इज्जत प्यारी असते, लाभ नव्हे. त्याच भाषणात त्यांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचे आवाहन केले. बावीस प्रतिज्ञांकडेही गृहिणीच्या नजरेने पाहावे. श्राद्धपक्ष बंद, पिंडदान बंद, भटजींकडून क्रियाकर्म बंद, दारू बंद. सावकाराकडे जाण्याची निम्मी कारणे एका दिवसात संपली.

पुढची तीस-चाळीस वर्षे मात्र काटकसर ही निवडही होती आणि सक्तीही. धर्मांतरानंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने राज्यस्थापनेनंतर आपल्यापुरत्या त्या दिल्या, केंद्राने १९९०मध्ये. मुंबईच्या गिरण्यांत धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून शिवाशिवीपायी आपल्या माणसांना चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात शिरकाव नव्हता. कमी पगाराच्या रिंग खात्यात राबून पोरांना शिकवायचे, तर लग्न पत्रातल्या मडक्याप्रमाणेच लागणार. नव्या विधीमुळे कायद्याचा पेचही निघाला. १९५५चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू, आणि त्यात विधी ‘रूढीने चालत आलेला’ हवा. कालपरवा सुरू झालेल्या विधीला रूढी म्हणायचे कसे?

याच काळात जगात ‘बौद्ध अर्थशास्त्र’ हा शब्द गाजू लागला. बाबासाहेब १९५४च्या डिसेंबरात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. १९५५मध्ये एक युरोपीय अर्थतज्ज्ञ सल्लागार म्हणून त्याच ब्रह्मदेशात पोहोचला आणि तिथून त्याने कमी गरजांचे अर्थशास्त्र मांडले. आज मोबाइलवर दिसणारी रिकामी खोली आणि एकच वाटी, हे ‘मिनिमलिझम’ बरेचसे त्या वाटेने आले आहे. ते वाईट नाही. पण तिथे वस्तू कमी करणाऱ्याकडे मुळात वस्तू होत्या. १९५०च्या चौथ्या कसोटीचा वारसा सांगणाऱ्यांनी हा फरक विसरून चालणार नाही.

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. आता नोकरदार पिढी आहे, हॉल आहेत, हळदीला डीजे आहे, प्री-वेडिंग शूट आहे, लग्नासाठी पर्सनल लोन आहे. पांढरी साडी वंदनेपुरती आणि स्टेजवर लेहंगा. तरुण म्हणतात, आजोबांना मिळाले नाही ते आम्ही का मिरवू नये? महाडचे भाषण आठवले तर त्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावता येत नाही. पण हप्ते भरताना ‘अनणसुख’ कुठे राहिले, हा प्रश्नही तितकाच खरा आहे आणि मी त्याच बाजूला आहे.

दुसरीकडे, चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही आणि एक पेन आणा, असे आवाहन काही वर्षांपासून होते आहे. दीक्षाभूमीच्या आवारातून परतणाऱ्यांच्या पिशवीत आजही घरून आणलेल्या भाकरीचे फडके असते आणि वर विकत घेतलेली पुस्तके.