दुप्पट वेगाची रॅम, तेवढीच प्रतीक्षा

नागपुरात बर्डीवर संगणकाचे सुटे भाग घ्यायला गेलेल्या गेमिंगप्रेमी तरुणाला हल्ली एक आश्वासन हमखास ऐकायला मिळते: रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती, जुन्या पिढीची डीडीआर४ काढून नव्या पिढीची डीडीआर५ बसवली की वेग दुप्पट. आकडा जवळपास खरा आहे; मात्र तो कशाचा आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

प्रोसेसर, मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) आणि रॅम बहुधा एकत्रच का बदलावे लागतात, हे आधी थोडक्यात पाहू. रॅमची ने-आण सांभाळणारा नियंत्रक पूर्वी मदरबोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असे. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो प्रोसेसरमध्येच सामावून घेतला, त्यामुळे कोणती रॅम चालेल हे प्रोसेसर ठरवू लागला. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेत, नव्या एएम५ चा प्रोसेसर बसत नाही आणि डीडीआर५ ची खाचही वेगळ्या जागी असल्यामुळे ती जुन्या बोर्डात शिरत नाही.

आता त्या आकड्याकडे वळू. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती वाहून नेऊ शकते, तर डीडीआर५-६००० ची ४८. हा वहनाचा वेग झाला. पण मागितलेल्या माहितीचा पहिला कण हाती येईपर्यंत किती थांबावे लागते, हा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या पट्टीवर ‘सीएल१६’ लिहिलेले असते, म्हणजे ही प्रतीक्षा रॅमच्या घड्याळाचे, प्रत्येकी ०.६२५ नॅनोसेकंदांचे (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) १६ ठोके. दुसरीवर ‘सीएल३०’, म्हणजे ०.३३३ नॅनोसेकंदांचे ३०. दोन्हींचे उत्तर १० नॅनोसेकंदच!

असे का होते, याचे मूळ रॉबर्ट डेनार्ड यांच्या रचनेत आहे, जिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. तीत प्रत्येक बिट एका ट्रान्झिस्टरमागे दडलेल्या इवल्याशा कपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपात साठवला जातो. वाचताना हा भार त्याच्या मानाने कितीतरी लांब तारेवर सोडला जातो, तारेच्या व्होल्टेजमध्ये अगदी अल्प फरक पडतो, तो फरक ओळखून मोठा केला जातो आणि वाचनात रिकामा झालेला कपॅसिटर पुन्हा भरला जातो. या क्रियेला लागणारा वेळ भौतिकशास्त्र ठरवते, खोक्यावरची जाहिरात नव्हे. कोणतेही ‘रॅम बूस्टर’ ॲप तो कमी करत नाही आणि दसऱ्याला कॅबिनेटला वाहिलेले हळदकुंकूही नाही. त्याची पूड पंख्यात गेली तर मात्र नुकसान होते.

प्रोसेसरपासून रॅमपर्यंतची संपूर्ण फेरी साधारण ७० ते ८० नॅनोसेकंदांची असते आणि तेवढ्यात ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे सुमारे ३५० ते ४०० ठोके पडून जातात. म्हणूनच प्रोसेसरमध्ये कॅश नावाची लहान, चपळ स्मृती असते. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी काढताना मूळ चिपवर ६४ मेगाबाइटचा आणखी एक थर रचून तिसऱ्या पातळीची कॅश ३२ वरून ९६ मेगाबाइटवर नेली. त्याचा कमाल वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी असूनही अनेक गेममध्ये तो पुढे गेला, कारण त्याची रॅमकडची खेप वाचली. शिवाय तो एएम४ चाच, त्यामुळे बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची मूळ प्रणाली) अद्ययावत केले की बहुतेक जुन्या बोर्डांवर डीडीआर४ सह चालतो. असा प्रोसेसर रास्त किमतीत मिळत असेल, तर तिन्ही भाग बदलण्याची घाई मला अनाठायी वाटते.

नागपूरच्या मे महिन्याचाही येथे संबंध येतो. कपॅसिटरमधील भार सतत गळत असतो, म्हणून डीडीआर४ मध्ये तो दर ६४ मिलिसेकंदांत ताजा करावा लागतो. चिपचे तापमान ८५ अंशांपुढे गेले की गळती वाढल्यामुळे ही मुदत निम्मी होते आणि त्या कामात रॅमचा थोडा वेळ खर्ची पडतो. खोलीतच ४० अंश असतील, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळती हवीच. पण कूलरच्या थेट झोतात, जेथे पाण्याचे तुषार उडतात, तेथे संगणक ठेवू नये.

खर्च करण्यापूर्वी गेमचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेमची संख्या लक्षणीय वाढली, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे आणि पैसे तेथे लावावेत. ती जवळजवळ जागची हलली नाही, तर बहुधा प्रोसेसर किंवा रॅम कमी पडत आहे. अशा वेळी रॅम दोन चॅनेलांत, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटांवर, दोन पट्ट्यांनी बसवली आहे का आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का, हे आधी तपासावे, कारण ते बंद असल्यास डीडीआर५-६००० ची महाग पट्टीसुद्धा बहुधा ४८०० च्याच वेगाने चालत राहते.