इलेक्ट्रॉनिक वस्त्रे, वैद्यकीय

हृदयाची विद्युत् क्रिया, श्वसन, तापमान यांसारख्या घडामोडी धाग्यांच्या किंवा कापडाच्या द्वारे टिपणारी वस्त्रे. नुसते खिशात यंत्र ठेवलेला सदरा या व्याख्येत बसत नाही. मोजणीतील निदान एक दुवा कापडाचा असावा लागतो.

उगमाबद्दल मतभेद आहेत. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या विजेवर तापणाऱ्या पोशाखांपर्यंत काही जण तो मागे नेतात. ते पोशाख ऊब देत, शरीराची नोंद घेत नसत. त्यामुळे वैद्यकीय शाखेचा आरंभ १९९० नंतरच्या दशकात धरणे अधिक सयुक्तिक दिसते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथे सुंदरेसन जयरामन यांच्या गटाने १९९६ च्या सुमारास नौदलाच्या निधीतून असा सदरा विणायला घेतला. गोळीने प्रकाशीय तंतू तुटला की प्रकाश अडतो व जखमेची जागा कळते, ही मूळ योजना. त्याच सुमारास एमआयटी या अमेरिकेतील तंत्रसंस्थेत रेहमी पोस्ट व मॅगी ऑर्थ यांनी तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेल्या रेशमी धाग्याची ऑर्गंझा (तलम, पारदर्शक कापड) वापरून कापडी मंडले (विद्युत् सर्किटे) बनवली. तिचे आडवे धागे वाहक आणि उभे साधे रेशमाचे असल्याने आडव्या धाग्यांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. अशी ऑर्गंझा भारतात त्याआधीच दीर्घकाळ विणली जात होती; पैठणीच्या अस्सल जरीतही रेशमावर धातूच्या चपट्या तारेचा वेढा असतो.

ईसीजीसाठी, म्हणजे हृदयाच्या विद्युत् क्रियेच्या आलेखासाठी, प्रामुख्याने चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन धागा वापरतात. त्वचेवर मिळणारा संकेत जेमतेम १ मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि त्वचेचा सर्वांत बाहेरचा कोरडा थर विजेला मोठा रोध करतो. रुग्णालयातील चिकट इलेक्ट्रोडमध्ये हे काम क्षारयुक्त जेल सोपे करते. कापडी इलेक्ट्रोडला घामाची वाट पाहावी लागते. म्हणून सुरुवातीची काही मिनिटे आलेख खरखरीत येतो. घालण्यापूर्वी पट्टी पाण्याने ओलसर करणे हा साधा व परिणामकारक उपाय आहे. पट्टी सैल असेल तर ती त्वचेवर सरकते आणि आलेखाची आधाररेषा डोलू लागते. डोलणे लपवण्यासाठी ०.५ ते ४० हर्ट्झची गाळणी लावल्यास ठोके नीट मोजता येतात, पण एसटी भागाचा, म्हणजे आलेखातील ज्या तुकड्याच्या चढउतारावरून हृदयविकाराचा झटका ओळखतात त्याचा, आकार बिघडू शकतो. तो भाग अचूक दिसण्यासाठी ०.०५ हर्ट्झपासूनची नोंद लागते. अशा गाळलेल्या आलेखावरून हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करू नये.

श्वसनासाठी छाती व पोट यांभोवती नागमोडी तार असलेले लवचीक पट्टे असतात. घेर बदलला की तारेचे प्रेरकत्व (इंडक्टन्स हा विद्युत् गुणधर्म) बदलते.

बिघाड बहुधा मऊ धागा कठीण मंडलाला मिळतो तिथे, म्हणजे टिचबटणापाशी होतो. वारंवार वाकल्याने तिथला मुलामा तडकतो. क्लोरीनयुक्त ब्लीच चांदीला मारक ठरते, तर कापड मऊ करणारे द्रव धाग्यावर रोधक थर चढवतात. यंत्र काढून, सौम्य साबणाने, न पिळता धुवावे. धुलाई-चाचणीची आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोग) ६३२०३-२०४-१ ही मानके २०२१ मध्ये आली. ती मुळात खेळाच्या व फावल्या वेळच्या कपड्यांसाठी होती.

लाइफव्हेस्ट या हृदयाला विजेचा झटका देऊ शकणाऱ्या जाकिटाला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. त्यातील कोरडे इलेक्ट्रोड हृदयाची लय पाहतात; प्राणघातक लय दिसल्यास जेल सोडून झटका दिला जातो. या जाकिटाच्या २,३०२ रुग्णांवरील व्हेस्ट नावाच्या चाचणीत (२०१८) लयबिघाडाने होणारे मृत्यू संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय घटले नाहीत. मात्र जाकीट-गटात मृत झालेल्या ४८ पैकी केवळ १२ जणांच्या अंगावर मृत्यूसमयी ते होते, हे ध्यानात घेऊनच तो निष्कर्ष वाचावा.

मधुमेही पायासाठीच्या तापमापक मोज्यांत दोन्ही पायांच्या समान जागांतील २.२ अंश सेल्सिअसचा टिकून राहणारा फरक जखमेची पूर्वसूचना मानतात. दोन्ही पाय एकाच वेळी सुजले असतील किंवा एक पाय नसेल, तर ही तुलना लागू पडत नाही.