पगारातली कपात आणि दवाखान्याचं बिल

अमेरिकेत कुणाची नोकरी गेली की घरात पहिली चौकशी होते ती इन्शुरन्सची. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या मराठी कुटुंबाला वर आणखी एक टांगती तलवार असते: ६० दिवसांत दुसरी नोकरी नाहीतर परतीचं तिकीट. लंडनमध्ये नोकरी गेलेल्या माणसाच्या डोक्याला बाकी शंभर ताप असतील, पण उद्या ॲपेंडिक्स फुटलं तर पैसे कुठून आणायचे, हा नसतो. आणि आपल्या चाकण-भोसरीकडे तऱ्हाच उलटी, तिथे पगार वाढला की ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) सुटते.

सरकारने दवाखाने चालवावेत की नाही, यावर या देशांतली सामान्य माणसं तावातावाने बोलतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा डाव्या-उजव्यांचा वाद आहे. पण मागे जाऊन पाहिलं तर बहुतेक मतं एका साध्या गोष्टीवर घडलेली दिसतात: आजारपणासाठी पगारातून पैसे कापायला त्या देशात कुणी, कधी आणि कोणत्या अडचणीपोटी सुरुवात केली.

ही कपात राष्ट्रीय कायद्याने पहिल्यांदा सुरू केली जर्मनीच्या चॅन्सलर बिस्मार्कने, १८८३ साली. त्याला कामगारांचा फार कळवळा होता असं कुणी म्हणणार नाही. समाजवाद्यांच्या संघटना, सभा आणि वर्तमानपत्रं बंद पाडणारा १८७८चा कायदा त्याचाच. एका हाताने दंडुका उगारायचा आणि दुसऱ्या हाताने कामगाराला राज्याच्या बाजूला ओढायचं, असा तो डाव होता. आजारपणाच्या निधीत वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. कामगार आजारी पडला तर तिसऱ्या दिवसापासून निम्मी मजुरी, जास्तीत जास्त १३ आठवडे. पण निधीच्या मंडळावर मतंही वर्गणीच्याच प्रमाणात ठेवली होती. म्हणजे कामगारांना दोन तृतीयांश! पक्षबंदीने घरी बसवलेले समाजवादी याच दाराने आत शिरले आणि पुढे कित्येक गावांतले निधी त्यांच्याच ताब्यात गेले. आता वर्गणी निम्मी-निम्मी असते, मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के, वर आपापल्या निधीचा जादा आकार. जर्मन माणूस कुरकुरतो तो या टक्क्यांवर. विमा असावा की नसावा, हा त्याच्या लेखी वादाचा विषयच उरलेला नाही.

ब्रिटनचा अर्थमंत्री लॉईड जॉर्ज याने १९०८ मध्ये जर्मनीत जाऊन ही व्यवस्था पाहिली आणि १९११ मध्ये घरी आणली. आठवड्याला चार पेन्स कामगाराचे, तीन मालकाचे, दोन सरकारचे. ‘चार पेन्समध्ये नऊ पेन्सचा माल’ अशी त्याची जाहिरातही झाली. मात्र डॉक्टर मिळायचा तो फक्त कमावत्या माणसाला. त्याची बायको आणि पोरं त्यात नव्हती. सामाजिक सुरक्षेवरच्या १९४२च्या बेव्हरिज अहवालानंतर आणि युद्ध संपल्यावर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने कमाई आणि डॉक्टर यांची ही गाठच सोडून टाकली. ५ जुलै १९४८ला एनएचएस, म्हणजे सरकारी राष्ट्रीय आरोग्य सेवा, सुरू झाली, बव्हंशी सामान्य करांतून. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन वेल्सच्या ट्रेडिगरमधला खाणकामगार. त्या गावात खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून डॉक्टर ठेवायची पद्धत आधीपासून होती. चष्म्याला आणि कवळीला पैसे लावायचं ठरलं तेव्हा याच बेव्हनने १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं.

एनएचएसची एक बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. दवाखाना सरकारचा झाला की नर्सचा पगारही सरकारचा होतो. मग आरोग्याचं राजकारण आणि मजुरीचं राजकारण एकच होऊन बसतं. डिसेंबर २०२२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या नर्सच्या युनियनने इंग्लंडमध्ये संप केला. पुढच्या वर्षी ज्युनियर डॉक्टर पगार ३५ टक्क्यांनी भरून द्या म्हणून रस्त्यावर आले. २००८ नंतर आपल्या पगाराची किंमत महागाईने खाल्ली, असं त्यांचं म्हणणं. रुग्ण एकीकडे तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबतात आणि दुसरीकडे संपावरच्या नर्सला पाठिंबाही देतात, याचं परदेशी माणसाला नवल वाटतं. तिथे ते एकाच तक्रारीचे दोन भाग आहेत. तिथल्या मराठी आयटीवाल्याची तक्रार वेगळी. व्हिसाबरोबर प्रौढ माणशी वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार भरायचा आणि इतरांसारखे करही भरायचे. ही तक्रार मला रास्त वाटते.

कॅनडाचं थोडक्यात: सस्कॅचेवान प्रांतात टॉमी डग्लसच्या पक्षाने १९६२ मध्ये सगळ्यांसाठी सरकारी विमा आणला, डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, संप मिटला आणि काही वर्षांत अख्ख्या देशाने तीच पद्धत उचलली.

अमेरिकेची गोष्ट निराळी, कारण तिथली पद्धत कुणी ठरवून आणलीच नाही. १९२९ मध्ये डॅलसच्या बेलर हॉस्पिटलने शिक्षकांना सांगितलं, महिना ५० सेंट भरा, वर्षात २१ दिवस खाट मिळेल. ब्लू क्रॉस या आरोग्य विम्याचं मूळ ते. तरीही नोकरी आणि विमा यांची गाठ पक्की बसली ती दुसऱ्या महायुद्धात. तरुण आघाडीवर, कारखान्यांना माणसं मिळेनात. महागाई आवरायला १९४२च्या कायद्याने पगारवाढ गोठवलेली. मग दुसऱ्या कंपनीचा फिटर आपल्याकडे ओढायचा कसा? सरकारच्या युद्ध-कामगार मंडळाने वाट ठेवली होती: विमा दिला तर ती पगारवाढ धरली जाणार नाही. १९४३ मध्ये कर खात्याने सांगितलं की मालकाने भरलेल्या या हप्त्यावर कामगाराला करही नाही. १९५४च्या करकायद्यात ते कायम झालं. युद्धातली सोय युद्ध संपल्यावरही राहिली.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने नोव्हेंबर १९४५ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला. डॉक्टरांच्या संघटनेने सभासदांकडून पैसे गोळा केले, जाहिरातवाले नेमले आणि त्याला समाजवादी वैद्यक ठरवून पाडलं. हे सगळे सांगतात. कमी सांगितलं जातं ते युनियनचं. वॉशिंग्टनमध्ये काही हलत नाही म्हटल्यावर वाहन कामगारांच्या युनियनने १९५० मध्ये जनरल मोटर्सशी करार करून विमा आणि पेन्शन पदरात पाडून घेतलं. ज्यांच्या जोरावर राष्ट्रीय विमा आला असता, त्यांचं भागलं. उरले म्हातारे आणि गरीब. त्यांच्यासाठी १९६५ मध्ये अनुक्रमे मेडिकेअर आणि मेडिकेड हे सरकारी विमे आले, आणि मेडिकेअरचं पहिलं कार्ड ट्रुमनच्याच हातात दिलं गेलं.

म्हणून तिथे मतांची अशी गुंतागुंत. २००९ मध्ये ओबामांच्या आरोग्य विम्याच्या विधेयकावर वाद पेटला असताना साऊथ कॅरोलायनातल्या एका सभेत एका वयस्क माणसाने संसदेतल्या प्रतिनिधीला बजावलं की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. मेडिकेअर सरकारचीच. लोक हसले, पण त्याच्या दृष्टीने ती त्याच्या पगारातून वर्षानुवर्षं कापलेली कमाई होती. आज तिथे मालकामार्फत मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २५ हजार डॉलरच्या वर आहे. मोठा वाटा मालक भरतो म्हणून तो फुकट वाटतो. अर्थशास्त्रज्ञ मात्र बहुतेक एकमताने सांगतात, तो पैसा पगारवाढीतूनच गेलेला असतो. नोकरी गेल्यावर हाच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतः भरून. तेव्हा खरा आकडा पहिल्यांदा दिसतो. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या आईच्या बॅगेत डिंकाच्या लाडवांशेजारी बीपीच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी का असते, हे त्या आकड्यावरून कळतं. पाहुण्यांसाठीचा जो विमा मिळतो, तो जुन्या आजारांना सहसा हात लावत नाही.

आपल्याकडे काय झालं? मुंबई कायदे मंडळात १९२८ मध्ये गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाचा पगारी लाभ देणारं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ते उचलून धरलं. पुढच्या वर्षी कायदा झाला. १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. १९४३ मध्ये दिल्लीत दोन कामं शेजारी शेजारी सुरू झाली. प्रा. बी. पी. अदारकरांकडे कारखान्यातल्या कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना, आणि सर जोसेफ भोर यांच्या समितीकडे साऱ्या देशाच्या आरोग्याचा आराखडा. भोर नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. अदारकरांचं उत्तर जर्मन वळणाचं: कामगार आणि मालक दोघांची वर्गणी. भोर समितीने १९४६ मध्ये म्हटलं की पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचाराविना राहता कामा नये, आणि तात्पुरत्या टप्प्यात ४० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं.

अदारकरांच्या योजनेचा कायदा झाला, तीच ही ईएसआय. एप्रिल १९४८ मध्ये, म्हणजे एनएचएस उघडायच्या आधीच. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत तो लागू झाला. भोर समितीची केंद्रं बांधली गेली, पण त्यांच्या मागे उभा करायचा पैसा कधी पुरेसा आला नाही. माझ्या मते आपल्या पुढच्या सगळ्या तक्रारी इथूनच सुरू होतात. ज्याच्या पगारातून कापता येतं त्याच्यासाठी कायदा, आणि शेतमजूर, मोलकरीण, वीटभट्टीवाला यांच्यासाठी शुभेच्छा. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून एक वेगळी वाट काढली. मालक बदलता असला तरी हमालाच्या मजुरीवर मालकाने भरायची लेव्ही, म्हणजे जादा आकार, मंडळात जमा होते. पण तसा नमुना फार थोड्या कामांना लाभला. २०१२ मध्ये जीवनदायी योजना आली, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर दीड लाखापर्यंतचे उपचार. मोठ्या ऑपरेशनला तिचा आधार झाला, रोजच्या ताप-खोकल्याला आणि गोळ्यांना नाही.

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत दरम्यान अमेरिकेची नक्कल नकळत चालू आहे. ऑफर लेटरमध्ये ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता सीटीसीत (कंपनीने मोजलेल्या एकूण पगारखर्चात) धरलेला, आईवडिलांचं नाव घालायचं तर जादा कपात, आणि नोकरी सोडली की सत्तरीच्या वडिलांना नवा विमा शोधायची धावपळ.

ईएसआयची पगारमर्यादा सुरुवातीला महिना ४०० रुपये होती, २०१७ पासून ती २१,००० आहे. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. पगार २१,०००च्या वर गेला तर चालू वर्गणी-काळ संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, वर्गणी चालू राहते आणि तिच्या आधारावर कार्ड पुढे काही महिने चालतं. नंतर हजार-पाचशेची वाढ घेतलेला माणूस बायकोच्या डायलिसिससाठी बाहेरचे दर विचारत फिरतो. ही मर्यादा वाढवा, अशी मागणी कामगार संघटना करत आल्या आहेत. ती काढूनच टाका, अशी मागणी अजून जोर धरत नाही.