जलरंगात चूक पुसता येते!

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी कुणी जलरंगात चित्र काढत बसलं की मागं उभा राहून एक जण तरी सांगतोच, "एकदा ब्रश टेकला की संपलं. यात दुरुस्ती नाही." शाळेपासून ऐकतोय हे. अर्धवट खरं आहे.

जलरंगात रंगद्रव्य धरून ठेवतो तो डिंक, आणि डिंक वाळला तरी पाण्यात परत विरघळतो. तळ्यातल्या संध्यामठाच्या दगडावरचं ऊन दाखवायचं राहून गेलं? स्वच्छ ओला ब्रश तिथं हलकेच फिरवा, क्षणभर थांबा, टिश्यूनं टिपा. रंग उचलला जातो. अल्ट्रामरीन हा निळा बराचसा निघतो. थॅलो ब्लू मात्र चिकट पाहुण्यासारखा हलत नाही. कागदही बघा. चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड सुती कागद हे सोसतो, शाळेच्या चित्रकलेच्या वहीचं लगेच सालपट निघतं. दोष वहीचा, बदनामी जलरंगाची!

पुसण्यावर तर अख्खा अॅनिमेशन लघुपट उभा राहिलाय. रशियन अॅनिमेटर अलेक्सांद्र पेत्रोव यांचा १९९९ चा 'द ओल्ड मॅन अँड द सी', साधारण २० मिनिटांचा, काचेवर सावकाश वाळणाऱ्या तैलरंगांनी, बराचसा बोटांनीच रंगवलेला. एक चित्र, त्याचा फोटो, मग तेच ओलं चित्र जरा पुसून पुढचं. अशी २९ हजारांवर चित्रं. ऑस्करही मिळालं.

"दुरुस्ती नाही" हे वाक्य वापरायचंच असेल तर अॅक्रिलिक रंगाला वापरा. तो वाळला की पाण्याला दाद देत नाही. पण त्याच्यावर दुसरा थर चढवता येतो, म्हणजे तिथंही ते पुरतं लागू नाहीच.