बाळोती कोण धुणार?

घरात क्लॉथ डायपर आणायचं ठरलं की आजीचा शेरा ठरलेला: "यात नवीन ते काय? आम्ही काय वेगळं करत होतो?" शेरा अगदीच चूक नाही. पण पुण्यातल्या बाणेर-कोथरूडच्या फ्लॅटमधला बटणांचा रंगीत डायपर आणि सदाशिव पेठेतल्या वाड्यातला लंगोट यांच्यात कापड सोडलं तर फारसं काही सारखं नाही. मधल्या काळात घर बदललं, पाणी बदललं, धुणारे हात बदलले. डाग निघत नाही, वास जात नाही, कामवाली ते कपडे घेत नाही, या रोजच्या तक्रारींची मुळं तिथे आहेत.

आधी जुनी पद्धत नेमकी काय होती ते बघू. बाळंतपण जवळ आलं की माळ्यावरचं बोचकं खाली यायचं. त्यातलं विरलेलं सुती लुगडं नाहीतर आजोबांचं धोतर टराटरा फाडून बाळोती व्हायची. नव्या बाळाला नवं कापड घालू नये असं म्हणत. त्यामागे दृष्ट वगैरे कारणं सांगत असले तरी फायदा खरा होता. गिरणीतून आलेल्या कापडाला खळ असते, शिवाय कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणचट थर असतो, त्यामुळे कोरं कापड पाणी नीट पीत नाही. आज डायपरच्या पाकिटावर 'वापरण्याआधी काही वेळा धुवून घ्या' अशी सूचना असते, ती याचसाठी. लुगड्याची ती धुणी नेसणारीच्या आयुष्यात होऊन गेलेली असत.

त्रिकोणी लंगोट, त्याला नाड्या, खाली दुपटं, त्याखाली मेणकापड आणि सगळ्यात खाली गोधडी. यात लंगोटाचं काम ओल धरून ठेवायचं नव्हतंच. तो ओला झाला की बाळ रडायचं, जवळ बसलेलं कुणीतरी लगेच बदलायचं आणि ओला लंगोट मोरीत जायचा. दिवसाला वीसेक लंगोट सहज लागत. शिवाय मांडी घातलेल्या किंवा पसरलेल्या पायांवर बाळाला धरून शी-शू करवून घ्यायची सवय होती, त्यामुळे बराच ऐवज लंगोटापर्यंत पोचतच नसे. जो पोचे तो पाचेक मिनिटांत पाण्यात पडे. डाग बसायला वेळ लागतो, आणि इथे तो त्याला मिळतच नव्हता.

हे सगळं जमायचं कारण घरात माणसं भरपूर होती. त्यातली धुणारी कोण, हे मात्र आठवणींचे लेख लिहिणारे सहसा सांगत नाहीत. सोयरातली धुणी, बाळंतिणीची वस्त्रं आणि बाळोती हे काम घरच्या कर्त्या बाईच्या वाट्याला क्वचितच येई. कुठे आश्रित विधवा आत्या, कुठे नुकती आलेली धाकटी सून, कुठे खालच्या मानलेल्या जातीची, चार पैशांवर येणारी बाई. 'पूर्वी किती छान सुती लंगोट वापरायचे' या वाक्यात ही बाई येत नाही. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास तिच्या जागी कोण आलं, याचाच आहे.

पाण्याचंही तसंच. पेठांतल्या वाड्यांना पेशवाईत नानासाहेबांच्या काळापासून कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांतून हौदांत येत असे. हौदातून पाणी शेंदायचं आणि वाहून न्यायचं, म्हणजे प्रत्येक लंगोटामागे कुणाची तरी खेप होती. खडकवासल्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत शहराला मिळू लागलं आणि नळ आले, तरी तो नळ बहुतेक वाड्यांत चौकात, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच. धुण्याच्या दगडावर सकाळी नंबर लागे. पावसाळ्यात वाळवणीची पंचाईत व्हायची. तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी कामाला येई. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी करायची, वर बांबूची टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर लंगोट पसरायचे. कापड वाळे आणि त्याला धुरीचा तो ओळखीचा वासही लागे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासल्याचं धरणही त्यात गेलं आणि नदीकाठचं जुनं पुणं वाहून गेलं. पुढच्या काळात गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती आणि नंतर सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. घरात स्वतंत्र मोरी आली, स्वतंत्र नळ आला, पण घरातली माणसं कमी झाली. त्याच १९६१ साली अमेरिकेत पॅम्पर्स बाजारात आले. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काहीच नाही, पण वाड्यातला लंगोट आणि विकतचा, वापरून टाकायचा डायपर यांची वाट साधारण तिथून वेगळी होते.

तिकडची गोष्ट थोडक्यात. सेफ्टी पिनचं पेटंट वॉल्टर हंट याने १८४९ मध्ये घेतलं, पुढे लंगोट नाडीऐवजी पिनेने अडकू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन बाईने न्हाणीघराच्या पडद्याचं कापड कापून लंगोटावरचं जलरोधक कव्हर बनवलं, त्याचं पेटंट तिला १९५१ मध्ये मिळालं. तिने एकदा वापरून टाकायच्या कागदी डायपरचीही कल्पना मांडली होती, पण कारखानदारांना ती पटेना. ते काम नंतर प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या व्हिक्टर मिल्स या रसायन अभियंत्याच्या चमूने केलं. सुरुवातीचे डायपर जाडजूड होते, आत कागदाचा लगदा. खरा बदल १९८० च्या दशकात झाला, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटच्या भुकटीमुळे. हे साखरेसारखे दिसणारे कण स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओल पिऊन जेलीसारखे होतात. भरलेला डायपर कधी फाटला असेल तर फरशीवर पसरलेला तो चिकट लगदा तुम्ही पुसला असेलच. या भुकटीने बाळाला ओल्याची जाणीव होईनाशी केली, आणि मोठ्यांना रात्रभर झोप दिली.

भारतात हा माल घराघरांत पोचला त्यात पुण्याचा वाटा आहे. हिंदुस्थान लिव्हर आणि किम्बर्ली-क्लार्क यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर भागीदारी केली. त्या कंपनीचा कारखाना शिरूर तालुक्यातल्या सणसवाडीला, नगर रस्त्यावर. हगीज डायपर तिथून निघू लागले. सुरुवातीला तो चैनीचा माल होता, लग्नाला जाताना, डॉक्टरकडे जाताना, एसटीच्या प्रवासात एखादा लावायचा. घरी लंगोटच. मग मेडिकलमध्ये सुटी आणि छोटी पाकिटं लटकू लागली, पँटसारखे चढवायचे डायपर आले, आणि दोघं नोकरी करणाऱ्या घरात डायपर दिवसरात्रीचा झाला.

याच सुमारास धुणारे हातही बदलले होते. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगार आणि सुट्टी हे बोलून ठरवायचे विषय झाले. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ मध्ये झाला. आज धुण्याचे वेगळे, भांड्यांचे वेगळे, फरशीचे वेगळे, असा हिशोब असतो आणि बाळाचं शी-शूचं धुणं त्यात धरलेलं नसतं. त्याचे वेगळे पैसे सांगितले की काही घरांत कपाळाला आठ्या पडतात. मला त्यात गैर काही दिसत नाही. ज्या कामाची किंमत पिढ्यानपिढ्या शून्य धरली गेली, त्याची ती पहिली पावती आहे.

डायपरने धुणं संपवलं खरं, पण ती घाण नाहीशी झाली नाही. ती कचऱ्याच्या बादलीत गेली आणि तिथून कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या हातात. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ पासून आहे, तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या बायकांना वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा उघडेपर्यंत आत काय आहे हे कळत नसे. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिन्सच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या. बनवता तुम्ही, तर विल्हेवाटीचंही बघा, असा त्याचा अर्थ होता. पुढे अशा पुड्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे तो ओळखू येईल, अशी मोहीम झाली. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपरची गणना सॅनिटरी कचऱ्यात झाली आणि पाकिटासोबत विल्हेवाटीची पिशवी देणं उत्पादकांवर बंधनकारक झालं. तुम्हाला ती पिशवी शेवटची कधी मिळाली, आठवून बघा. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी डेपोला जाणाऱ्या कचरागाड्या वर्षानुवर्षं अडवल्या, तेव्हा त्या गाड्यांत आपल्याही घरचे डायपर होतेच.

क्लॉथ डायपर आपल्याकडे या पार्श्वभूमीवर, मुख्यतः २०१० नंतर रुजला. त्याची रचना विकतच्या डायपरवरून घेतलेली आहे: बाहेरून पॉलियुरेथेन या जलरोधक प्लास्टिकचा पातळ थर दिलेलं कापड, आत ओल शोषणारा इन्सर्ट, बाळाच्या अंगाशी कोरडं वाटणारं कृत्रिम कापड, आणि वाढत्या अंगाला पुरावीत म्हणून बटणांच्या ओळी. तो दोन-तीन तास ओल धरून ठेवतो, आणि लंगोटापेक्षा वेगळ्या अडचणी इथेच सुरू होतात. लघवी कापडात बराच वेळ राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, म्हणून सकाळी डायपर उघडताना डोळ्यांत पाणी येतं. कृत्रिम कापड तेल धरून ठेवतं, आणि आपल्याकडे बाळाला मालिश असतेच. जाडसर क्रीम किंवा कपड्यांचा कंडिशनर वापरला तर कापडावर पापुद्रा बसतो आणि ते पाणी पिईनासं होतं.

वाघोली, उंड्री किंवा हिंजवडीच्या पलीकडे टँकरवर आणि बोअरवर राहणाऱ्यांना आणखी एक त्रास. त्या जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून साका करतात आणि तो सुतात अडकतो. 'पेठेत राहणाऱ्या बहिणीचे डायपर पांढरे आणि माझे करडे' याचं कारण बहुतेक वेळा पाण्यात असतं. चमचाभर धुण्याचा सोडा टाकला की फरक पडतो.

आता डाग. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी, डांबरासारखी शी चिकट असते. त्या दिवसांपुरती जुन्या कापडाची बाळोती वापरून टाकून द्यावीत, नव्या डायपरची परीक्षा तिथे नको. अंगावर पिणाऱ्या बाळाचा पिवळाधमक डाग दिसतो भयंकर, पण निघायला सगळ्यात सोपा. तो पिवळेपणा बिलिरुबिन या पित्तातल्या रंगद्रव्याचा, काविळीत अंग पिवळं होतं तेही याच्यामुळेच. मोठ्या माणसाच्या आतड्यातले जिवाणू त्याचं तपकिरी द्रव्य करतात, तान्ह्या बाळात ते जिवाणू अजून पुरेसे नसतात. बिलिरुबिन उजेडात फुटतं. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात १९५० च्या दशकात सिस्टर वॉर्ड या परिचारिका कावीळ झालेल्या बाळांना उन्हात न्यायच्या आणि उघड्या राहिलेल्या अंगाचा पिवळेपणा कमी झालेला दिसायचा. त्यावरून पुढे काविळीचे प्रकाशोपचार आले, त्यावरचा शोधनिबंध १९५८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या (एनआयसीयू) निळ्या दिव्याखाली जे होतं तेच तारेवरच्या लंगोटाचं होतं. कापड मात्र धुतलेलं आणि ओलं हवं, ऊन थेट हवं.  दुपारपर्यंत डाग फिका पडतो, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही. जुनी माणसं 'संध्याकाळी बाळाचे कपडे बाहेर ठेवू नका' म्हणत. दिवसा ते बाहेरच असायला हवेत हे त्यात गृहीतच होतं. उलट आजच्या काही सोसायट्यांत दर्शनी गॅलरीत कपडे वाळत घालायला मनाई असते, आणि डाग तिथे अडतो.

उष्टावण झालं की गणित बदलतं. शीचा रंग तपकिरी होतो आणि उन्हाचा तितका उपयोग राहत नाही. शीतल्या आणि दुधातल्या प्रथिनांचा डाग आधी गार पाण्यातच धुवायचा. थेट कढत पाण्यात टाकला तर प्रथिनं गोठून धाग्याला धरतात आणि डाग पक्का होतो. त्यानंतर एन्झाइमवाल्या पावडरीत भिजवायचं. हळदीच्या वरण-भाताचा डाग पुन्हा उन्हाला जुमानतो. लोहाच्या औषधी थेंबांचा तांबूस-काळा डाग जुमानत नाही, त्याला लिंबू लागतं. तेलाच्या डागावर आधी भांड्यांचा साबण चोळावा. नीळ घातल्याने पिवळा डाग जात नाही, फक्त डोळ्याला कमी दिसतो. क्लोरिनच्या ब्लीचने इलॅस्टिक सैल पडतं आणि जलरोधक थराची वाट लागते, ती वाट पुन्हा सुधारत नाही.

पर्यावरणाच्या बाजूनेही चित्र एकरंगी नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये हिशोब मांडला: अडीच वर्षांच्या वापरात विकतच्या डायपरमुळे साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, कापडीमुळे ५७०. पण मशीन पूर्ण भरून लावलं, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले तर कापडीचा आकडा चाळीसेक टक्क्यांनी खाली येतो. दोरीवर वाळवणं आपल्याकडे सांगावं लागत नाही आणि थोरल्याचे कपडे धाकट्याला ही तर रीतच आहे.

फक्त जून ते सप्टेंबर हे कुणाच्याच हिशोबात नीट बसत नाहीत. पुण्याच्या भुरभुर पावसात बांबूच्या धाग्याचा जाड इन्सर्ट दोन दिवस दमटच राहतो. म्हणून अनेक घरांत या महिन्यांपुरती घडीची साधी मलमल कव्हरमध्ये घालतात, कारण उलगडली की ती पंख्याखाली रात्रीत वाळते. रात्रीसाठी विकतचा डायपर असतो, त्याच्या पुड्यावर लाल ठिपका काढायचा असतो, आणि बाळाच्या धुण्याचे पैसे कामवालीशी बाळ घरी येण्याआधीच बोलून घेतलेले बरे.