सायनच्या सिग्नलला चढणारा ताप

मुलुंडहून दादरला जाताना आमच्या जुन्या सात सीटर डिझेल गाडीचा टेंपरेचरचा काटा विक्रोळी, घाटकोपरपर्यंत मधोमध शांत असायचा. सायनला गर्दीत अडकलो की पाच-सात मिनिटांत तो वर सरकू लागायचा आणि नेमका तेव्हाच एसीचा वाराही कोमट व्हायचा. पुढे रस्ता मोकळा झाला की काटा आपोआप खाली. एका गॅरेजमध्ये रेडिएटर बदलायला सांगितलं. बाबांना ते पटेना. रेडिएटर तुंबला असता, तर हायवेवर इंजिन जोरात काम करत असताना काटा आधी चढला असता, असं ते म्हणाले. उभं राहिल्यावरच ताप येतो, म्हणजे गाडीला वारा मिळत नाही.

मला वाटतं, दुरुस्तीचं निम्मं काम त्या एका वाक्यात झालं होतं. गाडी पळत असताना समोरून घुसणारा वारा रेडिएटरला पुरतो, पंखा असून नसल्यासारखा. उभ्या गाडीला मात्र हवा ओढून घ्यावी लागते आणि ती पंखाच ओढतो. एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढ्यातच असते, तिलाही हाच वारा लागतो. काटा चढणं आणि एसी कोमट होणं ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं होती.

मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांपर्यंत इंजिन आडवं बसवलेलं असतं. त्याच्या पुल्या गाडीच्या कुशीकडे तोंड करून असतात, म्हणून रेडिएटरवर विजेचा पंखा लावावा लागतो. क्वालिस, सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने असतं. तिथे पंखा इंजिनच्या तोंडाशी असतो आणि बेल्टवर फिरतो. पुली आणि पंख्याच्या पात्यांच्या मधे ॲल्युमिनियमचा एक गोल, पापुद्र्यांसारखे पंख असलेला डबा दिसतो. तोच फॅन क्लच. गॅरेजमध्ये त्याला व्हिस्कस फॅन म्हणतात.

पंखा पुलीला थेट का बांधत नाहीत? जुन्या अँबॅसिडरमध्ये तो तसाच बांधलेला असे. अडचण अशी, की पंखा फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवरून २४०० वर गेलं, म्हणजे वेग तिप्पट झाला, की पंखा २७ पट शक्ती खातो. आणि ती खातो कधी, तर हायवेवर, जिथे समोरच्या वाऱ्यामुळे त्याची गरजच नसते. डिझेल जळतं आणि वर घोंगावणारा आवाज. म्हणून गरज असेल तेव्हाच पंख्याला पकडणारा आणि एरवी सैल सोडणारा कोणीतरी मधे हवा.

हा कोणीतरी वायर, सेन्सर, बॅटरी यांतलं काहीही न वापरता निर्णय घेतो, आणि मला या भागाचं खरं कौतुक इथेच वाटतं. डब्याच्या आत एक चकती असते, ती पुलीबरोबर फिरते. तिच्यावर गोल-गोल खाचा कोरलेल्या असतात आणि डब्याच्या आतल्या बाजूच्या कडा त्या खाचांत शिरलेल्या असतात. दोघं एकमेकांना टेकत नाहीत. मधे मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते. या फटीत सिलिकॉन तेल आलं, की चकती डब्याला आणि त्याच्यावर बसवलेल्या पंख्याला ओढत नेते. दोन ताटल्यांमध्ये घट्ट काकवी ओतून वरची ताटली फिरवली तर खालचीही फिरू लागते, तसंच. पकड कधीच शंभर टक्के होत नाही, थोडी घसरण राहतेच. घसरणीतून उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर टाकायला डब्यावर ते पंख असतात.

साधं इंजिन ऑइल इथे चालत नाही. ते तापल्यावर पार पातळ होतं, आणि पकड हवी असते ती तर तापल्यावरच. सिलिकॉन तेलाचा घट्टपणा तापमानाने त्यामानाने फार कमी बदलतो.

डब्याच्या समोरच्या तोंडावर, रेडिएटरकडे बघत, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी एक चपटी गुंडाळी असते. ती दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली असते. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, म्हणून पट्टी वाकते. १८ व्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्लिश घड्याळजीने समुद्रावरच्या घड्याळाची वेळ उष्णतेने चुकू नये म्हणून हीच युक्ती वापरली होती. रेडिएटरमधून गरम हवा आली की गुंडाळी वळते, आतली छोटी झडप उघडते आणि तेल डब्यातल्याच एका साठ्यातून खाचांत जातं. हवा थंड झाली की झडप मिटते आणि घसरणीच्याच जोरावर तेल परत साठ्यात ढकललं जातं. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल वजनाने ओघळून खाचांत साचतं, त्यामुळे सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर मिनिटभर पंखा घुमतो आणि मग शांत होतो. आमच्या गाडीचा हा सकाळचा आवाज दीड-दोन वर्षांपूर्वी बंद झाला होता. गाडी आता मऊ झाली, असं म्हणत आम्ही त्यावर खूश होतो.

क्लच तपासायला काही लागत नाही. इंजिन पूर्ण थंड, किल्ली खिशात. पंखा हाताने फिरवायचा. चांगला क्लच जड लागतो, हात काढला की थांबतो. आमचा दोन-तीन गिरक्या घेत राहिला. डब्यावर मधून बाहेरच्या दिशेने धूळ धरलेले तेलकट ओघळही होते. सील जाऊन तेल वर्षानुवर्षं झिरपलं होतं. चालू पंख्यात गुंडाळलेला पेपर घालून बघतात तसलं कृपा करून कोणी करू नये. पातं तुटलं तर ते गोळीसारखं सुटतं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून क्लच आणला आणि रविवारी सोसायटीच्या आवारात कामाला लागलो. तो आडवा पाडून ठेवू नका, गाडीत बसतो तसा उभाच ठेवा, असं दुकानदाराने बजावलं होतं. आडवा राहिला तर तेल बेअरिंगकडे उतरू शकतं.

आमच्याकडे क्लच चार नटांवर होता. काही गाड्यांत इंजिनचं पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या दांड्यावर एकच मोठा नट असतो आणि अनेकदा त्याचे आटे उलटे असतात, सायकलच्या डाव्या पेडलसारखे. माहीत नसताना जोर लावला तर तो सुटायच्या ऐवजी आणखी आवळला जातो. आपल्या गाडीचं आधी विचारून घ्यावं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, श्राउडचे, म्हणजे पंख्याभोवतीच्या गोल आवरणाचे बोल्ट सोडले, रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठा सरकवला. त्याच्या पातळ नळ्या पान्याच्या एका धक्क्याने फाटतात. बेल्ट ताणलेला असतानाच चारही नट ढिले केले, नाहीतर पुली पान्याबरोबर फिरत राहते. मग पंखा आणि श्राउड एकत्रच वर काढले. श्राउड परत लावायचा कंटाळा काहीजण करतात. पण तो नसेल तर पात्यांच्या टोकांवरून गरम हवा फिरून मागे येते आणि पंखा तीच तीच हवा घुसळत बसतो. पुली हातात धरून हलवली. ती डगमगली नाही, म्हणजे वॉटर पंपाच्या बेअरिंगला खेळ नव्हता.

जुन्या क्लचवरून पंखा सोडवण्याआधी बाबांनी त्याच्या पुढच्या बाजूला खडूने खूण केली. पंखा उलटा लागला तर वारा उलटा जाईल असं मला वाटत होतं. तसं होत नाही. नट पालटून लावला तरी त्याचे आटे त्याच दिशेने बसतात. पंख्याच्या पात्यांचा पीळही तसाच, पालटला तरी बदलत नाही. वारा जातो त्याच दिशेने, पण पात्यांचा बाक चुकीच्या अंगाला येतो आणि जोर खूप कमी होतो. म्हणजे नवा क्लच लावूनही सायनला काटा चढलाच असता आणि आम्ही कारण शोधत बसलो असतो.

चार नट समोरासमोरच्या जोडीने आवळले, वायर लावली. दोन तास गेले, त्यातला पाऊण तास श्राउडच्या एका गंजलेल्या बोल्टपायी.

संध्याकाळी आईचा हेअर ड्रायर आणून जुन्या क्लचच्या गुंडाळीवर गरम हवा सोडली. काही सेकंदांत गुंडाळी हळूच वळली आणि मधली पिन तिच्याबरोबर फिरली. ड्रायर बंद केल्यावर ती परत आली. झडप अजून वेळेवर उघडत होती, आत सोडायला तेल तेवढं उरलं नव्हतं.